कॅरम बोर्ड तिरपा करा

साहित्य: कॅरम बोर्ड, एकाच रंगाच्या चार सोंगट्या, बोरिक पावडर, खोडरबर, मोजपट्टी, चिकटपट्टी, ओळंब्यासाठी दोरा आणि एखादा नट, जुन्या रबरी चपलांचा जोड. शिवाय घाई न करणारा एक मदतनीस.

बोर्डावरची जुनी पावडर कोरड्या सुती फडक्याने पुसून काढा. सोंगट्यांची खालची बाजूही पुसा आणि मग त्या कडेनेच धरा. बोटांचं तेल तळाला लागलं की आकडे बिघडतात. बोर्ड जमिनीवर ठेवून एका कडेखाली चपला सरकवा. आम्ही पहिल्यांदा हे विसरलो आणि सोंगटी जागेवर राहून अख्खा बोर्डच फरशीवरून घसरत गेला. तेही घर्षणच, पण मोजायचं होतं ते नव्हे.

आता चपलांच्या समोरच्या कडेजवळ एक सोंगटी ठेवा आणि तीच कड मदतनीसाला सावकाश उचलायला सांगा. बोर्ड साधारण 10 अंश उचलला की थांबा. सोंगटी हललेली नसेल. इथे घाईने पुढे जाऊ नका, कारण पुस्तकात हीच जागा निसटते. 5 ग्रॅमच्या सोंगटीला या उतारावर खाली ओढणारं बल जेमतेम 0.9 ग्रॅम वजनाइतकं असतं, आणि घर्षणही तिला नेमकं तेवढंच वर धरतं. जास्त नाही, कमी नाही. बोर्ड आडवा होता तेव्हा ते शून्य होतं. उतार वाढेल तसं तेही वाढत जातं. ‘घर्षण म्हणजे घर्षणांक गुणिले लंब बल’ हे सूत्र मुलं सरसकट लावतात. स्थिर वस्तूच्या बाबतीत ते फक्त शेवटच्या क्षणाचं, म्हणजे हात टेकण्याआधीच्या कमाल घर्षणाचं सूत्र आहे.

तो क्षण पकडायचा. बोर्ड उचलत राहा, सोंगटी सुटली की तिथेच थांबवा. वरच्या कडेवरून ओळंबा सोडा. ही कड चपलांवर टेकलेल्या खालच्या कडेपेक्षा किती उंच आहे ते मोजा, आणि ओळंबा टेकतो तिथपासून खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. समजा उंची 24 सेंटिमीटर आणि अंतर 80 सेंटिमीटर आलं, तर 24 भागिले 80, म्हणजे 0.3. हाच स्थितिक घर्षणांक. कोनमापक लागत नाही, सोंगटीचं वजनही लागत नाही: उताराने खाली ओढणारं बल आणि बोर्डावर दाबणारं बल, दोन्ही वजनाच्या प्रमाणातच असतात, त्यामुळे भागाकारात वजन उडून जातं. त्याच जागेवरून पाचदा करा, सरासरी घ्या. एखादा आकडा फारच वेगळा आला तर तिथे केस किंवा कण अडकलाय का ते पाहा.

गतिक घर्षणासाठी उतार थोडा कमी ठेवून बोर्डाला बोटाने हलकी टिचकी मारा. टिचकीने सुटलेली सोंगटी ज्या उतारावर वेग न वाढवता एकसारखी घसरत राहते, तो उतार मोजा. हा आकडा बहुधा पहिल्यापेक्षा कमी येतो.

पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. दोन सोंगट्या एकीवर एक ठेवून कडेने चिकटपट्टी लावा. दुसऱ्या दोन शेजारी-शेजारी ठेवून वरून जोडा. चिकटपट्टी तळाला येऊ देऊ नका. दोन्ही जोड्यांचं वजन सारखं, पण दुसरीचा तळ दुप्पट. तरी दोन्ही जवळपास एकाच उतारावर सुटतात. घर्षण तळाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हा नियम फ्रान्सच्या गियोम आमाँताँने 1699 मध्ये मांडला. लिओनार्दो द विंचीने तो सुमारे दोनशे वर्षं आधीच वह्यांत टिपून ठेवला होता, पण छापला नव्हता. कारण उमगलं विसाव्या शतकात, केंब्रिजच्या बाउडेन आणि टेबर यांच्या कामातून. गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही एकमेकांना बारीक उंचवट्यांवरच टेकतात. खरा स्पर्श तेवढाच, आणि तो दाबाबरोबर वाढतो. तळ दुप्पट केला की वजन वाटलं जातं, खरा स्पर्श एकूण तेवढाच राहतो.

मग बोर्डावर चिमूटभर पावडर भुरभुरवा आणि पुन्हा मोजा. उतार चांगलाच खाली येतो. बोरिक आम्लाचे स्फटिक पापुद्र्यांचे असतात, ते एकमेकांवरून सहज सरकतात. पावडर तोंडात जाऊ देऊ नका, नंतर हात धुवा.

शेवटी बोर्ड पुन्हा पुसून खोडरबर ठेवा. ते बराच चढ सहन करतं. रबर मऊ असल्याने वजन आणि तळ यांचे वरचे नियम त्याला नीट लागू पडत नाहीत, म्हणून त्याचा आकडा सोंगट्यांच्या तक्त्यात मिसळू नका.

वहीत लिहिताना ‘लाकडाचा घर्षणांक 0.3’ असं लिहू नका. सोंगटी कशाची, बोर्ड कशाचा, पावडर होती की नव्हती, हे तिन्ही लिहा. एकट्या पृष्ठभागाचा घर्षणांक नसतो.