पुरातत्त्वातला पहिला शोधनिबंध: घाई नको, पैसे तर मुळीच नकोत

पुरातत्त्वाच्या प्रवेशाचे दिवस आले की पालक दोन प्रश्न हमखास विचारतात. नोकरी लागेल का, हा पहिला. दुसरा अलीकडे फार ऐकू येतो: “पेपर छापावा लागतो म्हणे, त्याला किती खर्च येतो?”

पहिल्याचं उत्तर आधी देते. जागा थोड्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्यांची पुरातत्त्व खाती, वस्तुसंग्रहालयं, विद्यापीठांचे विभाग आणि संशोधन प्रकल्प, एवढंच हे क्षेत्र. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून एम. ए. करून नेट ही पात्रता परीक्षा दिली आणि जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते. ग्रेटर नोएडातल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संस्थेत दोन वर्षांची पदव्युत्तर पदविकाही आहे. पण जागा थोड्या असल्या की निवड समितीसमोर सगळ्यांच्याच हातात पदवी असते. उमेदवाराने स्वतः काय शोधलं आणि ते कुठे छापून आलं, हे तिथे बघितलं जातं. म्हणून शोधनिबंधाचा विषय एम. ए.च्या पहिल्या वर्षापासून समजून घ्यायला हवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र स्वच्छ आहे. निबंध चांगला असेल तर तो छापायला पैसे लागत नाहीत. १९२७ साली ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी सुरू केलेलं ‘अँटिक्विटी’ आजही जगातल्या आघाडीच्या पुरातत्त्वीय नियतकालिकांत मोडतं, आणि वर्गणीदारांच्या नेहमीच्या मार्गाने छापायचं असेल तर ते लेखकाकडे काही मागत नाही. निबंध सर्वांना फुकट वाचता यावा असा पर्याय लेखकाने निवडला, तर काही जर्नल्स शुल्क घेतात. तो व्यवहार वेगळा, तो उघडपणे सांगितलेला असतो आणि विद्यार्थ्याने त्या वाटेला जाण्याची गरज नसते. याउलट ‘आठ दिवसांत प्रसिद्धी, फक्त अमुक हजार रुपये’ असा ईमेल आला, तर तो तिथल्या तिथे पुसून टाकावा. आयएसएसएन क्रमांक दाखवून ही मंडळी पालकांना भुलवतात. तो आठ अंकी क्रमांक कुठल्याही नियतकालिकाला मिळू शकतो. त्यावरून दर्जा ठरत नाही. आठ दिवसांत निबंध छापला याचा अर्थ तो कुणी वाचलाच नाही.

आता मुलांशी बोलते. निबंध संगणकासमोर बसून सुरू होतो, अशी तुमची समजूत असते. तो त्याच्या कितीतरी आधी, खड्ड्यात आणि शेताच्या बांधावर सुरू झालेला असतो. कुठली वस्तू कुठल्या थरात, किती खोलीवर, कशाच्या सोबत सापडली, याची नोंद त्याच दिवशी, तिथेच झाली नसेल तर पुढे कितीही चांगलं इंग्रजी लिहा, संपादक विचारणारच: हे कशावरून?

दायमाबादचं उदाहरण महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावं असं आहे. प्रवरेच्या काठच्या या गावी १९७४ साली एका शेतकऱ्याला खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोहून अधिक. भारतीय ताम्रपाषाण काळाच्या अभ्यासात इतकी थोर कलाकृती क्वचितच आढळते. पण त्या वस्तू विधिवत उत्खननात सापडल्या नव्हत्या. पुढे एस. ए. साळी यांनी १९७६ ते १९७९ या काळात तिथे मोठं उत्खनन केलं आणि १९८६ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. तरी त्या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या की नंतरच्या, यावर विद्वानांचं एकमत होऊ शकलं नाही. धातूत आर्सेनिकचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त निघालं, ते त्या काळच्या इतर वस्तूंशी जुळत नाही, असाही आक्षेप आला. वस्तू हातात आहेत आणि वाद मिटत नाही. त्या शेतकऱ्याचा यात काही दोष नाही, त्याच्यामुळेच त्या जगासमोर आल्या. तुम्ही मात्र प्रशिक्षण घेऊन मैदानात उतरता, तेव्हा तुमच्या खापरावर थराचा क्रमांक नसेल तर त्याला सबब नाही.

विषय लहान घ्या. ‘महाराष्ट्रातील ताम्रपाषाण संस्कृती’ हा पहिल्या निबंधाचा विषय नव्हे. एखाद्या ओढ्याच्या खोऱ्यातल्या दहा-बारा गावांचं सर्वेक्षण, एका तालुक्यातले वीरगळ, एका सड्यावरची कातळशिल्पं, संग्रहालयाच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेली खापरं: एम. ए.च्या प्रबंधासाठी असं काम तुम्ही करताच. त्यातला जो एकच मुद्दा नवा आहे, तो निबंध. बाकीची शंभर पानं प्रबंधातच राहू द्यावीत. प्रबंध जसाच्या तसा कापून पाठवणं ही मुलांची सर्वांत नेहमीची चूक असते. पहिल्या चार पानांत भारतीय पुरातत्त्वाचा सगळा इतिहास येतो आणि स्वतःचं काम सातव्या पानावर उगवतं. तोवर संपादकाचा निर्णय झालेला असतो.

लिहिण्याचा माझा सांगायचा क्रम थोडा उलटा आहे. आधी नकाशा, मग सेक्शनचं रेखाटन, मग खापरांची किंवा हत्यारांची रेखाटनं, मग तक्ते. हे सगळं टेबलावर मांडून झालं की त्यांना धरून मजकूर लिहावा आणि सारांश सर्वांत शेवटी. पुरातत्त्वात चित्रं सजावटीसाठी नसतात. पुरावा तिथेच असतो. फोटोत मोजपट्टी नाही, नकाशावर उत्तर दिशा नाही, खापराच्या रेखाटनात तोंडाचा व्यास नाही, असा निबंध परीक्षक हातात घेऊन बाजूला ठेवतो. छायाचित्रं किमान ३०० डीपीआय, रेखाटनं त्याहून अधिक, अशी बहुतेकांची मागणी असते. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो तिथे चालत नाही, कारण तो आधीच आक्रसलेला असतो. मातीचा रंग ‘तांबूस’ असा लिहू नका, मुन्सेल तक्त्यातला क्रमांक द्या.

कार्बन-१४ कालमापन केलं असेल तर नुसतं ‘इ. स. पू. १४००’ लिहून भागत नाही. प्रयोगशाळेचा सांकेतिक क्रमांक, मूळ वय आणि त्याची अधिक-उणे मर्यादा, नमुना कोळशाचा की धान्याचा, कुठल्या थरातला, कॅलिब्रेशनसाठी कोणता आलेख वापरला, कोणतं सॉफ्टवेअर, हे सगळं लागतं. ‘आजपासून इतक्या वर्षांपूर्वी’ मधला ‘आज’ म्हणजे १९५० साल, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि तिथेच आकडे घसरतात.

एका बाबतीत मात्र सगळं सांगू नये. उघड्यावरच्या, चोरीची भीती असलेल्या स्थळांचे अक्षांश-रेखांश तंतोतंत छापू नका. गुप्तधनाच्या नादाने किती टेकाडं पोखरली गेली आहेत, हे आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्यात दिसतं. संपादकाला अचूक माहिती स्वतंत्र द्यावी आणि छापील नकाशा ढोबळ ठेवावा. उत्खनन विनापरवाना करता येत नाही, तेव्हा परवानगीचा उल्लेखही निबंधात हवा.

जर्नल निवडताना आधी त्याचे दोन-तीन अंक प्रत्यक्ष वाचा. पुण्याहून निघणारं ‘मॅन अँड एन्व्हायर्नमेंट’ प्रागितिहास आणि पुरापर्यावरणासाठी, भारतीय पुरातत्त्व परिषदेचं ‘पुरातत्त्व’ उत्खनन-सर्वेक्षणाच्या वृत्तांतांसाठी, केरळ विद्यापीठाचं ‘हेरिटेज’ ऑनलाइन आणि विद्यार्थ्यांना जवळचं. मराठीत लिहायचं असेल तर भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक आणि धुळ्याच्या राजवाडे मंडळाचं ‘संशोधक’ यांची परंपरा मोठी आहे. वीरगळ, शिलालेख, गावाचा इतिहास अशा विषयांना तिथला वाचक जाणकार मिळतो. पूर्वी ‘यूजीसी-केअर’ यादीत नाव बघून लोक निवड करत. ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पारखण्याची जबाबदारी आता विद्यार्थ्यावर आणि त्याच्या मार्गदर्शकावर आहे. संपादक मंडळातली माणसं खरोखर पुरातत्त्वातली आहेत का, तुम्ही ज्यांची पुस्तकं अभ्यासता त्यांनी तिथे कधी लिहिलं आहे का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

पालकांना आणखी एक गोष्ट माहीत असावी. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलेला असलाच पाहिजे, ही आयोगाची सक्ती २०२२च्या नियमांनी काढली. काही विद्यापीठं स्वतःची अट ठेवू शकतात, ती विचारून घ्यावी. पण ‘पेपर नसेल तर डिग्री अडेल’ या भीतीपोटी कुणाला पैसे मोजायचं कारण उरलेलं नाही.

पाठवण्याचं काम तसं यांत्रिक आहे. नियमावली पुढ्यात घेऊन संदर्भांची पद्धत, शब्दमर्यादा, चित्रांचे क्रमांक जुळवायचे. परीक्षकाला लेखक कळू नये अशी पद्धत असेल तर फाइलमधून आपलं आणि संस्थेचं नाव काढायचं. संपादकाला अर्ध्या पानाचं पत्र लिहायचं: यात नवं काय, ते दुसरीकडे पाठवलेलं नाही आणि सर्व लेखकांची संमती आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणं हा गैरप्रकार आहे. उसन्या मजकुराबाबत आयोगाचे २०१८चे नियम कडक आहेत. एआयची मदत घेतली असेल तर तसं सांगावं लागतं. आणि त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ पुस्तक उघडून पाहावा, कारण अस्तित्वात नसलेली पुस्तकंही ते सुचवतं.

लेखकांच्या नावांबद्दल आधीच, सर्वेक्षणाला निघण्यापूर्वी बोलून घ्या. मार्गदर्शकाचं नाव कुठे, रेखाटनं करणाऱ्या मैत्रिणीचं नाव लेखकांत की आभारांत, हे शेवटी ठरवायला गेलं की मैत्री तुटते. आणि ज्या गावकऱ्याने तुम्हाला पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड दाखवलं, जेवू घातलं, त्याचं नाव त्याला विचारून आभारात यायलाच हवं.

मग उत्तर येतं. महिन्यांनी येतं, आणि बहुधा त्यात आक्षेपांची यादी असते. मुलं इथे खचतात, घरचेही घाबरतात. म्हणून मी त्यांना बोरीची गोष्ट सांगते. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक आहे. तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला आणि त्याच परिसरात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस या राखेचं वय सुमारे १४ लाख वर्षं असल्याचं प्रसिद्ध झालं. १९९३ मध्ये ‘क्वाटर्नरी रिसर्च’मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मांडलं की ही राख इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या सर्वांत अलीकडच्या महास्फोटातली, म्हणजे जेमतेम ७५ हजार वर्षांची आहे. १९९५ मध्ये ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’मध्ये वेगळ्या पद्धतीने काढलेलं वय आलं: सुमारे ६ लाख ७० हजार. त्यानंतरही वाद चालूच राहिला. एका राखेचे तीन आकडे, आणि त्यावर भारतातल्या आदिमानवाचा काळ अवलंबून! यातल्या कुणाची अब्रू गेली नाही. प्रत्येकाने नमुना कुठून घेतला, कोणती पद्धत वापरली, हे लिहून ठेवलं होतं, म्हणून पुढच्याला ते तपासता आलं, खोडता आलं. ही तपासणी होण्याजोगं लिहिणं हेच आपल्या शास्त्राचं खरं काम आहे, आणि परीक्षकाचे आक्षेप ही त्यातली पहिली पायरी.

त्यामुळे आक्षेपांचं पत्र आलं की दोन दिवस ते बाजूला ठेवा, मग एकेक मुद्दा उतरवून त्याखाली उत्तर लिहा: इथे बदल केला, अमुक पानावर, इथे सहमत नाही, कारण हे. ‘मोठ्या दुरुस्त्या हव्यात’ हे वाक्य आनंदाचं समजा, कारण दार उघडं आहे. नकार आला तरी आलेल्या सूचनांनी निबंध सुधारून दुसरीकडे पाठवायचा. तमिळनाडूतल्या अत्तिरम्पक्कममध्ये १९९९ साली उत्खनन सुरू झालं आणि तिथली हत्यारं पंधरा लाख वर्षांपूर्वीची असल्याचं सांगणारा निबंध ‘सायन्स’मध्ये २०११ साली आला. इनामगावचं उत्खनन १९६८ ते १९८३ चाललं, अहवाल १९८८चा. विद्यार्थ्याच्या छोट्या निबंधाला एवढा काळ लागत नाही, पण पाठवल्यापासून छापून येईपर्यंत वर्ष सहज जातं. एम. ए. संपताच घरी रोज ‘छापून आलं का?’ विचारू नये, ही पालकांना विनंती.

इंग्रजीची भीती मराठी माध्यमाच्या मुलांना फार वाटते. मी अनेक निबंध तपासते, आणि नितळ, छोट्या वाक्यांचं साधं इंग्रजी मला नेहमी अलंकारिक इंग्रजीपेक्षा विश्वासार्ह वाटत आलं आहे. व्याकरणाची चूक कुणीही दुरुस्त करतं. न केलेली नोंद कुणालाच भरून देता येत नाही.

तेव्हा पालकांनो, पेपर छापून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. तीच रक्कम मुलीला किंवा मुलाला एका हंगामाच्या उत्खननाला जाण्यासाठी, चांगल्या मोजपट्टीसाठी, रेखाटनाच्या कागदांसाठी आणि गावोगावच्या एसटीच्या तिकिटांसाठी द्या.