कॉक बंद केलास का?

कराडच्या घरात रात्री दाराला कडी लावण्याआधी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक प्रश्न ठरलेला असायचा : "कॉक बंद केलास का?" प्रश्न मोटरसायकलचा. ती आरएक्स १००, आणि कॉक म्हणजे तिच्या टाकीखालची पेट्रोलची बोटभर चावी. मी अंथरुणातूनच "हो" म्हणायचो. निम्म्या वेळा ते खोटं असायचं. त्याची भरपाई वीस वर्षांनी सिडनीच्या पेंडल हिलमध्ये करावी लागली, आणि तीही कॉकवर 'ऑफ' ही खूणच नसलेल्या गाडीवर.

ही सिडनीची गाडी १९९४ची, जपानी, २५० सीसी, एकच सिलिंडर. कंपनीचं नाव सांगत नाही. तीस वर्षांनी रबर कडक पडलं तर कंपनी बिचारी काय करणार?

१. 'ऑफ' का नाही, ते आधी समजून घ्या.

या कॉकवर तीनच खुणा : ऑन, रिझर्व्ह आणि प्राइम. बंद करायचं काम माणसाकडून काढून इंजिनाकडे दिलेलं. इंजिन हवा ओढू लागलं की ती ओढ एका बारीक नळीतून कॉकच्या पाठीपर्यंत पोचते. तिथला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, खेचला जातो, त्याला जोडलेली चिमुकली झडप उघडते आणि पेट्रोल वाहू लागतं. इंजिन थांबलं की स्प्रिंग झडप पुन्हा बसवते. प्राइमवर मात्र हा पहारा उठतो, पेट्रोल थेट कार्ब्युरेटरला. रिकामी टाकी भरल्यावर पहिल्या स्टार्टपुरतं ते वापरायचं. मी मात्र 'प्राइम' म्हणजे काहीतरी उंची प्रकार असणार, अशा समजुतीत पहिले दोन महिने गाडी त्याच्यावरच चालवली.

२. पेट्रोलचा वास आला तर स्टार्टरआधी तेल बघा.

तीन आठवडे भारतात राहून परतलो. गॅरेज उघडलं तर पंपावर उभं राहिल्यासारखा वास. फरशी कोरडी. 'गेलं असेल उडून' म्हणत अंगठा स्टार्टरवर नेला, आणि कशी कोण जाणे, इंजिनाच्या बगलेतल्या तेलाच्या काचेवर नजर पडली. काच काठोकाठ भरलेली! उभ्या गाडीतलं तेल कधी वाढतं का? कॉकच्या झडपेची रबरी ओ-रिंग नीट बसत नव्हती, पेट्रोल थेंब थेंब उतरत राहिलं. कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई झिजलेली, तिनेही अडवलं नाही. तिथून सिलिंडरमध्ये, आणि पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली तेलात.

हवा दाबली जाते, पेट्रोल दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते साचलेलं असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. मी प्लग काढला, टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं फिरवलं. प्लगच्या भोकातून चहाच्या कपाला लाजवेल इतकं पेट्रोल बाहेर आलं. तेल, फिल्टर, फ्लोटची सुई, सगळं नवं घातलं. त्यानंतर कॉककडे वळलो.

३. कॉकच्या दुरुस्तीचं किट मागवण्याआधी दुखणं ओळखा.

इंजिन बंद असतानाही पेट्रोल येतंय, तर झडपेची ओ-रिंग. दोन-चार किलोमीटरवर गाडी तहानेने बंद पडते आणि प्राइमवर पुन्हा सुरळीत चालते, तर पडदा फाटलाय किंवा ओढीची नळी चिरलीय. काळा धूर, काळा प्लग, आणि ती बारीक नळी उपसली तर आतून ओली, म्हणजे पडद्याला भोक पडून पेट्रोल मागच्या दारानं इंजिनात जातंय. माझा आजार पहिला होता.

४. गॅरेजमध्ये आणखी कोण राहतं, ते पाहा.

आमच्या गॅरेजमध्ये गॅसचा गीझर आहे आणि त्याची पायलट ज्योत रात्रंदिवस जळत असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीवरून सरपटत जाते. टाकी उतरवण्यापूर्वी गाडी ढकलत मागच्या अंगणात नेली.

५. जपानी स्क्रू फुलीचा दिसतो, पण ती फुली वेगळी.

तोवर आप्पा तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. कॅम्पिंगच्या खुर्चीत बसून हात मागे बांधल्यासारखा चेहरा करून बघत होते. कॉकच्या पाठीला चार स्क्रू. पहिल्याच स्क्रूवर माझा नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घसरला आणि फुलीची वाटी झाली. जपानी मापाच्या फुलीला जपानी मापाचंच टोक लागतं, हे मला शेजाऱ्यानं शिकवलं. त्याच्याकडे लिलावात घेतलेली पोस्टमनची लाल होंडा सीटी ११० आहे, त्यामुळे असली हत्यारंही आहेत. त्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावला, हातोडीचा एक ठोका, आणि स्क्रू निमूट सुटला.

"आमच्या वेळी छिन्नीनं काढायचो," आप्पा म्हणाले. खुर्चीतून उठून आता ते थेट टाकीशी आले होते.

६. सुटे भाग ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं ठेवा.

आप्पांनी वर्तमानपत्र पसरलं. झाकण, स्प्रिंग, पडदा, झडप. ओ-रिंग नखानं दाबली तर नखच वाकलं. पुढच्या बाजूला चावीमागे चार भोकांचं रबर आणि लाटांसारखी वळलेली वायसर. ती वायसर सपाट केली की चावी गळू लागते. पडद्याजवळचं सुईएवढं श्वासाचं भोक साफ करायला विसरू नका. ते बुजलं की पडदा हलत नाही. आणि सिलिकॉनची ट्यूब घरातच राहू द्या, इथे लावू नका. पेट्रोलमध्ये तिचा चिकट लगदा होतो आणि तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो.

जोडल्यावर चाचणी हवी. आप्पा नळी तोंडात धरायला निघाले होते. त्याऐवजी त्यांच्या नातीच्या पॅनाडॉल औषधाबरोबर आलेली सिरिंज त्या बारीक नळीला लावली. दट्ट्या ओढला, धार सुरू. सोडला, बंद. आप्पांनी सात-आठ वेळा केलं. तीन वेळांतच काम झालं होतं.

७. स्वस्त पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही.

न्यू साउथ वेल्समध्ये पंपावर इ-१० स्वस्त पडतं. त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुनं रबर त्यानं फुगतं, पुढे तडकतं. गाडी उभी राहिली की इथेनॉल पाणी धरतं आणि टाकीच्या तळाला गंज चढतो. रिझर्व्हची नळी तळालगतच तोंड उघडून बसलेली असते, पहिली घाण तीच खाते. मी आता ९८ ऑक्टेनचं पेट्रोल भरतो आणि ओ-रिंग व्हिटॉनची घातलीय. हे आप्पांना पटेना. "ऊस आमचा, इथेनॉल आमचं, आणि गाडीला चालत नाही म्हणे!" भारतात आता वीस टक्क्यांचं मिश्रण आलंय, हे त्यांना सांगितलं तेव्हा मात्र ते गप्प झाले. आरएक्स अजून कराडला उभी आहे.

८. उरलेलं पेट्रोल गटारात ओतू नका.

इथलं पावसाळी गटार सरळ नदीला मिळतं. नगरपालिकेच्या रसायनं गोळा करण्याच्या दिवशी डबा नेऊन दिला, पैसे पडले नाहीत.

किटमध्ये चार भोकांची दोन रबरं आली होती. एक उरलं. जायच्या दिवशी आप्पांनी ते रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. मी म्हटलं, "आप्पा, आरएक्सला ते बसणार नाही. माप वेगळं असतं."

"बघू," ते म्हणाले.

बसलं की नाही, ते अजून कळवलेलं नाही.