‘फॉर्मॅट मारलाय की, मालक’

हे वाक्य बोलताना कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपचे स्क्रू काढत होता. मी विचारलं, “डी ड्राइव्ह तरी तसाच आहे ना?” तो म्हणाला, “सगळंच मारलं. व्हायरस लय खोल गेला होता. आता एकच ड्राइव्ह केलाय, जागा भरपूर झाली बघा.”

डी ड्राइव्हवर माझी 2009 पासूनची डिझाइनं होती. मी टॉवेल आणि चादरीच्या जेकार्डची डिझाइनं काढतो. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्यासारखी घराच्या पुढच्या खोलीत बसून ग्राफ भरणारी माणसं पुष्कळ आहेत. एकेका मोराच्या पिसाऱ्याला तीन-तीन रात्री जातात. पंधरा वर्षांचं काम गेलं आणि त्या माणसानं ते जागा मोकळी झाल्यासारखं सांगितलं.

त्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती. मशीन दुकानात द्यायला गेलो तेव्हा माझी दहावीतली मुलगी सोबत होती. काउंटरवर चार माणसं उभी होती. त्यानं मशीन चालू केलं, पेन ड्राइव्ह लावला आणि हसत मोठ्यानं म्हणाला, “रात्री एकटं बसून काय काय बघता मालक, त्यानंच येतो बघा हा.” माणसं हसली. मुलगी रस्त्याकडे बघत राहिली. मी काहीच बोललो नाही, आणि त्याचंच मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं. म्हणून जे खरं घडलं ते आता सांगतो.

व्हायरस पेन ड्राइव्हमधून आला. आमच्या धंद्यात पेन ड्राइव्ह घरी राहतच नाही. माझ्याकडून पंचिंगवाल्याकडे, तिथून एमआयडीसीतल्या कारखान्यात, तिथून कुणाच्या तरी खिशातून परत माझ्याकडे. 2024 च्या जानेवारीत असाच एक परत आला. आतल्या सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसत होते, कोपऱ्यात बाण असलेले. मी एकावर क्लिक केलं. माझी चूक एवढीच. दुसऱ्या दिवशी माझ्या प्रत्येक पेन ड्राइव्हवर तेच झालं. मशीन तर आधीपासूनच हळू होतं. चालू व्हायला तीन मिनिटं, मोठं डिझाइन उघडायला आणखी दोन. मला वाटलं, सगळा त्या व्हायरसचाच प्रताप.

आता कळतं ते असं. या शॉर्टकट व्हायरसमध्ये फाइली सहसा कुठे जात नाहीत. त्या लपवल्या जातात. फाइलला ‘लपलेली’ आणि ‘सिस्टिमची’ अशा खुणा लावायच्या आणि तिच्या जागी त्याच नावाचा खोटा शॉर्टकट ठेवायचा, एवढंच तो करतो. आपण शॉर्टकट उघडला की आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डर उघडतं, त्यामुळे शंकाही येत नाही. विंडोजमध्ये ‘ॲट्रिब’ नावाची जुनी आज्ञा आहे, तिनं त्या खुणा उतरवता येतात. आधी मशीन साफ करायचं, नाहीतर तो पुन्हा तेच करतो. मग खुणा उतरवायच्या आणि खोटे शॉर्टकट पुसायचे. सगळं मिळून तासाभराचं काम. फॉर्मॅटची गरजच नव्हती, डी ड्राइव्हला हात लावायची तर अजिबात नव्हती.

मशीन दिलं आणि गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा, सुरू झाला. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता, होम मैदानावरची गर्दी, त्यात दुकान बंद. मी रोज फोन करायचो. “लाइनीत आहे तुमचं, अजून हात लावला नाही,” असं उत्तर यायचं. हे उत्तर मी विसरलो नाही, पुढे त्याचा संबंध येतो. मशीन मिळालं तेव्हा बिलावर ‘व्हायरस रिमूव्ह, विंडोज, अँटिव्हायरस’ असं लिहून बाराशे रुपये घेतले. “डेटा परत मिळेल का?” विचारलं, तर “फॉर्मॅटनंतर देव आला तरी मिळत नाही” म्हणाला. मी विश्वास ठेवला. ऑर्डरी थांबल्या होत्या, म्हणून त्याच मशीनवर तीन आठवडे नवीन काम केलं. हे वाचणाऱ्यानं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, पण डेटा गेला असं कळलं की त्या क्षणी मशीन बंद करा. का, ते पुढे येतंच.

पहिले आठ-दहा दिवस मशीन बरं चाललं. मग रात्री पंख्याचा आवाज यायला लागला. मी काहीही करत नसताना, स्क्रीन काळी असताना, पंखा यंत्रमागासारखा घोंगावायचा. टास्क मॅनेजर उघडला की दोन सेकंदांत शांत, प्रोसेसर तीन टक्के. बंद केला की मिनिटाभरात पुन्हा घरघर. चार रात्री मी हा खेळ बघितला. बायको म्हणाली, पंख्यात धूळ असेल. धूळ काढली, फरक पडला नाही. आणखी एक विचित्र गोष्ट होती. बातम्या, मेल, बँक सगळं उघडायचं, पण अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट तेवढ्या उघडायच्या नाहीत.

पुण्याला माझा भाचा आहे. फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “मामा, पंखा नाही बिघडलेला. तुमचं मशीन दुसऱ्या कुणासाठी काम करतंय.” आभासी चलन तयार करणारे प्रोग्रॅम असतात. दुसऱ्याचा प्रोसेसर आणि दुसऱ्याची वीज वापरून ते आपल्या बनवणाऱ्यासाठी पैसे काढतात. त्यातले बरेचसे टास्क मॅनेजर उघडला की दबा धरून बसतात, कारण त्यांना तसंच शिकवलेलं असतं. त्यानं मला विंडोज सिक्युरिटी उघडायला सांगितली. तिथे सगळीकडे हिरवी खूण, सगळं सुरक्षित. मग म्हणाला, “व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी खाली एक्स्क्लुजन्स.”

मी गेलो. तिथे एकच ओळ होती. सी ड्राइव्ह. पूर्ण.

म्हणजे पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं की या घरात कुठेच बघू नकोस. सगळाच एक ड्राइव्ह केलेला असल्यामुळे माझ्या मशीनवर तपासायला काही उरलंच नव्हतं. हिरवी खूण मात्र झळकत होती. मी फोन हातात धरून गप्प बसलो. भाचा पलीकडून “मामा, काय दिसतंय?” विचारत होता आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

पुढचं त्यानंच घरी येऊन शोधलं. प्रोग्रॅम फाइल्समध्ये विंडोज फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करणारं चोरटं साधन सापडलं. मोठ्या कंपन्यांत एक सर्व्हर सगळ्या मशीनची नोंद करतो, त्या सर्व्हरचं सोंग हे साधन घेतं. अँटिव्हायरस त्याला धोका म्हणून पकडतो, म्हणून ते बसवताना अँटिव्हायरस बंद करतात किंवा असा अपवाद घालतात. फुकट साधनाच्या पोटात दुसरं काय भरलेलं आहे, ते बसवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज बघितली. तयार झाल्याची तारीख गड्ड्यातली होती, वेळ संध्याकाळी पावणेसातची. ज्या दिवशी “अजून हात लावला नाही” म्हणून सांगितलं, तोच दिवस. रात्री एकटा बसून मी काय बघत होतो? मशीन तर त्याच्याकडे होतं.

कुंपणानंच शेत खाल्लं. त्या पडद्याचे फोटो घेऊन मी दुकानात गेलो. तो म्हणाला, “सगळ्यांना असंच टाकून देतो. आजवर कुणाची तक्रार नाही.” अँटिव्हायरसचे पैसे कशाचे घेतले विचारल्यावर म्हणाला, “चालू आहे की हिरवं.” ते विंडोजसोबत फुकट येतं. पैसे परत मिळाले नाहीत, मी दुसऱ्यांदा मागितलेही नाहीत.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट तर पुढेच कळली. माझं मशीन कंपनीचं, विकत घेतानाच विंडोज 10 होम सोबत आलेलं. अशा मशीनचा परवाना मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो. होम आवृत्ती नव्यानं टाकली आणि इंटरनेट जोडलं की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. भाच्यानं मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती तयार केली आणि माझ्यासमोर टाकली. इंटरनेट जोडल्यावर चार मिनिटांत ‘ॲक्टिव्हेटेड’. मी परवान्याचे पैसे भरलेले होते. त्या माणसानं माझं खरं विंडोज पुसून त्याच्या जागी चोरीचं प्रो घातलं होतं. त्याला बघायचंही नव्हतं, सगळ्यांना एकच औषध.

अपडेटही त्यानं बंद केले होते, “त्यानं मशीन हळू होतं” म्हणून. 12 मे 2017 ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा तो विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरला त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच दिलेलं होतं. दोन महिने हातात असून ज्यांनी लावलं नाही, ते अडकले. त्याच जूनमध्ये त्याच भोकाचा वापर करणाऱ्या दुसऱ्या हल्ल्यात जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबलं होतं. अपडेट बसताना दहा मिनिटं जातात, ती जाऊ द्या. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे जुनं मशीन असेल तर आता हाही विचार करावा लागतो.

डेटाचं सांगतो. फॉर्मॅट म्हणजे बहुतेक वेळा गोदामाची नोंदवही फाडणं. तागे रॅकवर तसेच असतात. पण नोंद नाही म्हणून जागा मोकळी समजून त्यावर नवा माल रचला जातो, आणि जिथे रचला तिथला जुना कायमचा गेला. मी तीन आठवडे नवा माल रचत होतो. कुणीतरी “मशीन बंद ठेवा” एवढं म्हटलं असतं, तर कितीतरी अधिक वाचलं असतं. आम्ही जुनी हार्ड डिस्क काढून भाच्याच्या मशीनला जोडली आणि फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं शोधली. सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, त्याच डिस्कवर कधीच नाही. दोन दिवस तो चालला. अकरा हजारांवर चित्रं निघाली, पण नावं गेलेली. प्रत्येकाला एफ आणि पुढे लांब आकडा. त्यात इंटरनेटवरचे बारके चित्रतुकडे, फोटो, अर्धे फाटलेले ग्राफ, सगळं मिसळलेलं. मी आणि बायको रोज रात्री जेवण झाल्यावर बसायचो. तिला डिझाइनं माझ्यापेक्षा जास्त आठवतात. “हे हैदराबादच्या हॉटेलचं, हे त्या लग्नातल्या शालीचं,” ती सांगायची आणि मी नाव द्यायचो. काही कारखानदारांनी आपल्याकडच्या जुन्या फाइली परत दिल्या, काही माझ्याच पाठवलेल्या मेलमध्ये सापडल्या. एक लक्षात ठेवा, डिस्क एसएसडी असेल तर हे सहसा जमत नाही. पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

आणि जो हळूपणा घेऊन मी दुकानात गेलो होतो, तो बव्हंशी त्या जुन्या फिरत्या डिस्कचा होता. नवी 480 जीबीची एसएसडी घातली, तर तेच मशीन वीस सेकंदांत चालू झालं. कुणीही आधी डिस्क तपासली असती, तर कळलं असतं. जाहिरातीतले ‘मशीन वेगवान करा’ वाले प्रोग्रॅम मात्र घेऊ नका.

संशय आला तर विंडोज डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन करा. मशीन पुन्हा चालू होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपणाऱ्यांना लपायला वेळ मिळत नाही. एक्स्क्लुजन्सची यादी आजच उघडून बघा. साइट उघडत नसतील तर होस्ट्स फाइल तपासून घ्या, माझ्या तिच्यात अँटिव्हायरस कंपन्यांची नावं भरून ठेवलेली होती. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर साफसफाईची साधनं मोफत आहेत, 2017 पासून. पासवर्ड बदला, पण त्या मशीनवरून नाही, फोनवरून, कारण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पळवणारे प्रोग्रॅमही याच वाटेनं येतात. खात्यातून पैसे गेले तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकत जातात. बॅकअप दोन ठिकाणी, त्यातला एक मशीनला न जोडलेला. मशीन दुरुस्तीला देताना डिस्क काढून घरी ठेवता आली तर ठेवा. नाहीच तर ‘मला विचारल्याशिवाय फॉर्मॅट करायचा नाही’ असं पावतीवर लिहून त्याची सही घ्या. त्याला राग आला तर येऊ द्या.

फोल्डरच्या तारखेचा तो फोटो मी मुलीला दाखवला. तिनं तो मोठा करून वेळ वाचली आणि म्हणाली, “बाबा, तेव्हा तर आपण गड्ड्याला गेलो होतो.”

अजून सहाशेच्या आसपास चित्रं बिननावाची आहेत. गेल्या आठवड्यात अक्कलकोट रोडवरच्या एका शेठजींचा फोन आला. त्यांना 2012 मधला मोर हवाय, मान डावीकडे वळवलेला, पिसाऱ्यात सात डोळे असलेला. रात्री जेवण झालं की आम्ही दोघं त्याच फोल्डरमध्ये बसतो. काल चौदा मोर सापडले. सगळ्यांच्या माना उजवीकडे होत्या.