अळिंबीच्या खोलीतील वीजजोडणी व थंडावा

साक्री तालुक्यात पिंपळनेर आणि त्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात भाताचा पेंढा व गव्हाचा भुसा सहज मिळतो. त्यावर धिंगरी अळिंबी चांगली येते. या पिकाला २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. पावसाळा व हिवाळ्यात हे जमवणे फारसे अवघड नाही. मार्च ते मे या काळात मात्र हवा कोरडी होते, पारा चाळिशीकडे जातो आणि खोली थंड ठेवण्यासाठी पंखे, पंप व फॉगर बसवावे लागतात.

येथेच खरा धोका सुरू होतो. खोलीत जमीन सतत ओली असते, भिंती ओलसर असतात, काम करणाऱ्याचे हात भिजलेले व पाय पुष्कळदा अनवाणी असतात. अशा जागी घरातील बोर्डावरून एखादी वायर ओढून पंखा लावणे म्हणजे जिवाशी खेळ होय. म्हणून खोलीसाठी स्वतंत्र उपवितरण पेटी, म्हणजेच डीबी, बसविणे आवश्यक आहे. तिची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. परंतु काय बसवायचे आणि का, हे शेतकऱ्याला स्वतःला माहीत असावे. त्यासाठी हा लेख आहे.

१. आधी उष्णता अडवा

जी उष्णता खोलीत आलीच नाही, ती काढण्यासाठी वीज लागत नाही. खोलीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. पत्र्याचे छप्पर असल्यास त्यावर पेंढ्याचा जाड थर द्यावा किंवा चुना मारावा. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून गोणपाट लावून ते दुपारी ओले ठेवावे.

२. थंडाव्याची पद्धत निवडा

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. दीड टनाचे एसी तासाभरात जेवढी उष्णता काढते, तेवढी साधारण आठ लिटर पाणी वाफ होताना शोषून घेते. शिवाय एसी हवेतील ओलावा काढून टाकते आणि त्यासाठी खोली बंद ठेवावी लागते. धिंगरीला ओलावाही हवा आणि ताजी हवाही हवी. कर्बवायू साठला की देठ लांबतात व छत्री लहान राहते. म्हणून धिंगरीसाठी एका भिंतीत ओले पॅड आणि समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा ही पद्धत सोयीची ठरते.

पॅडने किती थंडावा मिळेल हे घरीच पाहता येते. थर्मामीटरच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळून पंख्याच्या वाऱ्यात धरावे. जो आकडा येईल त्याच्या खाली पॅड तापमान नेऊ शकत नाही. बाहेर ४० अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा सुमारे २३ येतो आणि चांगले पॅड २६ अंशांपर्यंत हवा थंड करते. पावसाळ्यात २८ अंश व ८५ टक्के आर्द्रता असताना हाच आकडा २६ च्या आसपास असतो. त्या वेळी पॅडचा पंप बंद ठेवून फक्त पंख्याने हवा खेळती ठेवावी.

३. विजेचा भार काढा

सहा मीटर लांब व साडेचार मीटर रुंद खोलीचे उदाहरण घेऊ.

एक्झॉस्ट पंखा : ५०० वॅट
पॅडचा पंप : १०० वॅट
फॉगरचा एक अश्वशक्तीचा पंप : १००० वॅट
दिवे ४, प्रत्येकी २० वॅट : ८० वॅट
प्लग : ५०० वॅट
एकूण : २१८० वॅट

२१८० ला २३० व्होल्टने भागल्यास साडेनऊ अँपिअर येतात. मोटरी असल्याने प्रत्यक्षात ११ ते १२ अँपिअर धरावेत. पुढील वाढीचा विचार करून १५ अँपिअरचा हिशेब करावा.

४. केबल जाड घ्या

मीटरपासून खोली ६० मीटर अंतरावर आहे असे समजू. १५ अँपिअर भाराला २.५ चौ. मि.मी. तांब्याच्या केबलमध्ये सुमारे १३ व्होल्ट वाटेतच जातात, ४ चौ. मि.मी. मध्ये ८ व्होल्ट आणि ६ चौ. मि.मी. मध्ये साडेपाच व्होल्ट. गावात संध्याकाळी दाब आधीच कमी असतो. त्यात आणखी घट झाली की मोटर उचलत नाही, तापते आणि जळते. म्हणून येथे ६ चौ. मि.मी. तांब्याची किंवा १० चौ. मि.मी. ॲल्युमिनियमची केबल घ्यावी. आर्मर्ड केबल पाऊण मीटर खोल चरात वाळूवर टाकून वर विटा ठेवाव्यात, म्हणजे नांगराचा फाळ लागणार नाही. मीटरकडील टोकाला २० अँपिअरचा एमसीबी असावा.

५. पेटीत काय असावे

पेटी खोलीच्या आत न लावता बाहेरच्या भिंतीवर, छपराखाली, छातीच्या उंचीवर लावावी. ती प्लॅस्टिकची व आयपी ५५ किंवा त्यावरच्या दर्जाची असावी. केबल खालूनच आत घ्यावी.

अनेकांची समजूत असते की एमसीबी बसविला म्हणजे शॉकपासून संरक्षण झाले. ही समजूत चुकीची आहे. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या शरीरातून ३० मिलीअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा तेहतिसावा भाग, एवढा प्रवाह वाहू लागला की हृदयाला धोका सुरू होतो. एवढ्या प्रवाहाने एमसीबी पडत नाही. तेथे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. उलट आरसीसीबी जादा भारापासून संरक्षण देत नाही, म्हणून दोन्ही हवेत.

आरसीसीबी दोन घ्यावेत. एकावर पंखा व पॅडचा पंप, दुसऱ्यावर फॉगर, दिवे व प्लग जोडावेत. म्हणजे फॉगरमध्ये दोष आल्यास पंखा चालू राहील व पीक वाचेल. त्यापुढे दिव्यांना ६ अँपिअरचा एमसीबी व १.५ चौ. मि.मी. वायर, तर पंप व प्लग यांना १६ अँपिअरचा एमसीबी व २.५ चौ. मि.मी. वायर द्यावी. न्यूट्रलची पट्टी व अर्थची पट्टी वेगवेगळ्या ठेवाव्यात. पेटीत त्या एकमेकींना कधीही जोडू नयेत.

६. अर्थिंग

पंखा, पंप व लोखंडी मांडण्या हिरव्या तारेने अर्थला जोडाव्यात. अर्थिंग असेल तर दोष येताच आरसीसीबी पडतो, नसेल तर माणसाने हात लावल्यावर पडतो. हा फरक महत्त्वाचा आहे. अडीच ते तीन मीटर लांबीचा जी.आय. पाइप जमिनीत उभा गाडावा. आपल्या भागात मुरूम व काळा खडक लवकर लागतो आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते. त्यामुळे पाइपात नरसाळ्याने पाणी घालत राहावे आणि एप्रिलमध्ये अर्थ टेस्टरने मोजणी करून घ्यावी.

पंपाच्या लाइनीतून एक फेज घेऊन न्यूट्रलऐवजी अर्थवर दिवा किंवा पंखा चालविण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती सर्वस्वी टाळावी. त्यामुळे अर्थचा पाइप व त्याला जोडलेले सर्व लोखंड जिवंत होऊ शकते.

७. जोडणी व जनरेटर

शेतीपंपाच्या जोडणीवर खोली चालवू नये. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात अळिंबी उत्पादनाचा समावेश पंपापेक्षा वेगळ्या, 'कृषी–इतर' या वर्गात आहे. महावितरणकडे अर्ज करताना चालू दरपत्रक पाहून तसा उल्लेख करावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम आता लागू आहेत. काम पूर्ण झाल्यावर वायरमनकडून चाचणी अहवाल मागून घ्यावा. जनरेटर असल्यास चेंजओव्हर स्विच बसवावाच. नाहीतर तुमची वीज उलटी लाइनीत जाऊन खांबावरील लाइनमनचा जीव जाईल.

८. लक्षात ठेवा

• आरसीसीबीचे चाचणी बटण दर महिन्याला दाबा. तो पडला नाही तर बदला.
• आरसीसीबी वारंवार पडत असेल तर दोष शोधा. तो काढून थेट जोडणी करू नका.
• फवारणी किंवा धुलाईपूर्वी पेटीचा मुख्य स्विच बंद करा.
• खोलीत रबरी चप्पल वापरा. बाजूला पडलेल्या उघड्या जोडावर चिकटपट्टी लावून काम भागवू नका.
• कोणाला शॉक लागल्यास त्याला हात लावू नका. आधी वीज बंद करा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला सोडवा. श्वास थांबला असल्यास छाती दाबणे व कृत्रिम श्वास सुरू करा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

अळिंबी लागवडीच्या तंत्राची माहिती धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रात, तसेच पुणे कृषी महाविद्यालयातील अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पात मिळू शकेल. खोली उभारण्याचा खर्च मांडताना दोन आरसीसीबी व चांगल्या अर्थिंगचा खर्च सर्वात आधी लिहावा. अळिंबीचा एक बहार गेला तर पुढचा घेता येतो, घरातला माणूस गेला तर परत येत नाही.