सलाफहादच्या मुली आणि आपली संसद

शास्त्रपाठ : गणना २७:१–११, नीतिसूत्रे ३१:८, ९

सलाफहाद रानात मरण पावला. त्याला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा अशा पाच मुली होत्या. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मुलींना वतनात वाटा नव्हता. परंतु या बहिणी घरी बसून कुरकुरत राहिल्या नाहीत, की छावणीत बंडाळीही केली नाही. मोशे, याजक एलाजार, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर त्या उभ्या राहिल्या, हकीकत थोडक्यात सांगितली आणि एकच नेमकी मागणी केली. मोशेने त्यांचे प्रकरण परमेश्वरापुढे नेले. निकाल त्या पाच जणींपुरता राहिला नाही. तो सर्व इस्राएलासाठी नियम झाला.

एका घरचे दुःख योग्य ठिकाणी, योग्य रीतीने मांडले गेले तर त्यातून सर्वांसाठी न्यायाचा नियम निघू शकतो, हा या पाठाचा मुद्दा आहे.

आपल्याकडील रीत

आपल्या देशात ही वाट नवी नाही. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठविला होता. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही तेच केले. १८७४ साली आमच्या बडोद्याचे दिवाण झालेले दादाभाई नवरोजी १८९२ साली त्याच पार्लमेंटमध्ये निवडून गेले. मात्र त्या काळी अर्ज करणाऱ्या सामान्य हिंदी माणसाला त्या सभागृहासाठी मत नव्हते. आज सभागृह आपले आहे, आणि मत दिल्यावर पाच वर्षे गप्प बसावे असेही नाही.

लोकसभेच्या नियमांप्रमाणे कोणाही नागरिकाला विचाराधीन विधेयकावर किंवा सार्वजनिक हिताच्या विषयावर याचिका करता येते. ती सभागृहाला उद्देशून लिहावी. भाषा आदराची व संयमाची असावी. प्रत्येकाचे पूर्ण नाव, पत्ता व सही हवी. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा चालतो. निनावी अर्जाला येथे स्थान नाही. शेवटी आपल्याला नेमके काय हवे ते सांगावे लागते. इंग्रजीत या भागाला ‘प्रेयर’ म्हणजे प्रार्थना असेच नाव आहे! याचिका हिंदीत किंवा इंग्रजीत असावी. आम्ही वडोदऱ्याच्या लोकांनी ती मराठीत वा गुजरातीत लिहिली, तर सही केलेले हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे. खासदारामार्फत ती मांडता येते किंवा महासचिवांकडे पाठविता येते. पुढे याचिका समिती तिचा विचार करते; या समितीवर मंत्री नेमला जात नाही. राज्यसभेचीही अशी समिती आहे.

न्यायालयातील प्रकरण, राज्य विधानसभेत मांडण्याचा विषय किंवा ज्यावर कायद्यात दुसरा उपाय आहे असे गाऱ्हाणे येथे चालत नाही. गल्लीतील पाण्याच्या नळासाठी महानगरपालिका आहे.

एक उदाहरण

ज्या प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला, त्याच्या लोकांच्या विवाहविषयक कायद्यात काय होते ते पाहा. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली सुधारणा झाली. तीत घटस्फोटाची जी नवी कारणे आली, त्यांत दोन वर्षे असलेला उग्र व असाध्य कुष्ठरोग हेही एक होते. बहुऔषधी उपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो हे तोपर्यंत सर्वज्ञात होते. तरीही आजाऱ्याला ज्या घडीला सोबतीची सर्वाधिक गरज, त्याच घडीला घर सोडविण्याची मुभा कायद्याने दिली. हिंदू व मुस्लिम विवाहविषयक कायद्यांतही अशीच तरतूद होती.

मुंबईचे माजी खासदार राम नाईक आणि कुष्ठपीडितांचे प्रतिनिधी यांनी राज्यसभेकडे याचिका केली. समितीने २००८ साली आपला १३१ वा अहवाल दिला व सर्व बाजूंनी एकवटून प्रयत्न व्हावेत असे सांगितले. मानवी हक्क आयोगाने व २०१५ साली विधी आयोगानेही कायदे बदलण्यास सुचविले. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ साली रद्द झाला. २०१९ साली संसदेने पाच कायद्यांत दुरुस्ती करून घटस्फोटाचे हे कारण काढून टाकले. त्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत राज्यसभा समितीच्या अहवालाचा उल्लेख आहे.

अहवालापासून कायद्यापर्यंत ११ वर्षे लागली. एकट्या याचिकेने हे झाले नाही, हेही खरे. समिती शिफारस करते, हुकूम करीत नाही. पण ज्यांचे ऐकण्यास समाज तयार नव्हता, त्यांचे म्हणणे संसदेच्या दप्तरी नोंदले गेले आणि नंतर ते कोणाला पुसता आले नाही.

आपल्यासाठी बोध

सरकारदरबारी आपले कोण ऐकतो, असे आपण सहज म्हणून जातो. सलाफहादच्या मुलींनी तसे म्हटले असते, तर त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींनाही वाटा मिळाला नसता. मुक्यांसाठी तोंड उघडावे ही नीतिसूत्रांची शिकवण केवळ व्यासपीठासाठी नाही. नाव, पत्ता व सही देऊन उभे राहणे हाही तिचाच भाग आहे. तसेच केवळ आपल्या मंडळीचे मागणे घेऊन न जाता, ज्याला जाता येत नाही त्याचेही मागणे आपण घेऊन जावे.

शिक्षकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. सलाफहादच्या मुली कोणासमोर उभ्या राहिल्या? त्यांची नेमकी मागणी कोणती?
२. कुरकुर, बंड व याचिका यांत फरक काय?
३. आपल्या वस्तीतील कोणता प्रश्न महानगरपालिकेचा, कोणता राज्याचा व कोणता संसदेचा?
४. ज्याच्यासाठी कोणी बोलत नाही असा एक मनुष्य किंवा समूह सांगा. त्याच्यासाठी याचिकेच्या शेवटची विनंती एका वाक्यात लिहा.