तिन्ही हंगाम एकदमच येतात

पोरगा दहावीला गेला की खेळ सोडवावा का, असं आमच्या राजुरातले पालक मला दरवर्षी विचारतात. मी स्वतः दहावी-बारावी व्हॉलीबॉल खेळतच काढली, लिफ्टर होतो; आता संध्याकाळी पोरांना नेटवर उभं करतो. माझं एकच म्हणणं असतं : सोडवू नका, पण जूनमध्येच वर्षाचा हिशेब मांडा.

शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. तालुका, जिल्हा, विभाग असं जिंकत गेलात तर दिवाळी येते. तेवढ्यात सहामाही. त्यातच कापूस फुटलेला, मजूर मिळत नाहीत, घरचं प्रत्येक माणूस वेचणीला लागतं. दिवसभर वाकून वेचायचं आणि संध्याकाळी स्मॅशसाठी उड्या मारायच्या, मग गुडघे बोलायला लागतात. रात्री पुस्तक उघडलं तरी दुसऱ्या पानावर डोळा लागतो. म्हणून गणित-विज्ञानाचा जमेल तेवढा भाग स्पर्धेआधी उरकायचा आणि हंगामात अभ्यास पहाटे करायचा. वेचणीच्या दिवसात उड्यांचा सराव निम्मा केला तरी खेळ बिघडत नाही.

सराव परीक्षेच्या आठवड्यात एकदा ब्लॉकला उघड्या बोटांवर चेंडू बसला. मैदानावरच्या एका जाणत्यानं माझी उजवी तर्जनी खसकन ओढून 'बसवली'. रात्रीपर्यंत तिचं वांगं झालं. गणिताचा पेपर मी मधल्या बोटात आणि अंगठ्यात पेन धरून लिहिला. भूमितीची रचना राहिली ती राहिलीच. दुखरं बोट कुणालाही ओढू देऊ नका. बर्फ लावा, शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधा. वाकडं दिसलं, सरळ होईना किंवा सूज उतरेना, तर एक्स-रे काढा. आणि लेखी परीक्षेआधीचे पंधरा दिवस ब्लॉक बंद. सर्व्हिस मारा, पळा, अंग मोकळं ठेवा.

आता क्रीडा गुणांचं. 'खेळतोय ना, गुण मिळतील' या भरवशावर पोरं इंग्रजी ऑप्शनला टाकतात. कोणत्या पातळीला किती गुण, हे शासन निर्णयानुसार बदलत आलंय. प्रस्ताव शाळेकडून क्रीडा कार्यालयात आणि तिथून मंडळात जातो. मुदत चुकली की खेळलेलं कागदावर येत नाही. आमच्या संघातल्या एकाचा प्रस्ताव असाच कपाटात राहिला. वर्गशिक्षकांना विचारून थांबू नका. अर्ज पुढे गेल्याची पोच मागा. वाईट दिसतं, पण मागा.

गावोगावच्या रात्रीच्या शूटिंग व्हॉलीबॉल स्पर्धांचा मोह मलाही कळतो. दिवे, माईकवरची कॉमेंट्री, रोख बक्षीस. मात्र त्या खुल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र बोर्डाच्या गुणांना चालत नाही, आणि दुसऱ्या दिवशीची शाळा झोपेत जाते. दहावीच्या वर्षी प्रेक्षक म्हणूनसुद्धा नको.

शालेय स्पर्धेचं प्रमाणपत्र मात्र जपा. पुढे नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षणातून अर्ज करायची वेळ आली, तर त्याची पडताळणी होते. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे ना, हे फोटो काढायच्या आधी, मैदानावरच वाचून घ्या.