केसरबाईंचा आवाज दबका का येतो?

प्रश्न : केसरबाई केरकरांच्या ७८ गतीच्या तबकड्या संगणकावर घेतल्या. आवाज घोंगडीआडून आल्यासारखा येतो. त्यासाठी हवा असलेला फिल्टर तयार मिळत नाही. काय करू? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्येचा आवाज दबका नव्हताच! दोष तुमच्या फोनो प्रीअँपचा. तो १९५४ च्या आरआयएए वक्राचा. १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापतो. जुन्या तबकड्यांना बहुधा ही काट नकोच असते.

म्हणजे वक्र उलटवायचा. पण उलटा वक्र वरच्या टोकाला चढतच जातो. बायलिनियर रूपांतर केलंत तर ध्रुव नेमका z = −१ वर बसतो आणि फिल्टर शिट्टी घालू लागतो. त्यापेक्षा हवा तो प्रतिसाद बिंदूंनी आखून पायथनच्या ‘फर्विन२’ला द्या. ८ किलोहर्ट्झपुढे चढ थांबवून उतार द्या. तिथे बहुतेक खरखरच असते. बास-वळण २५० ते ३०० हर्ट्झमध्ये, कानानेच ठरवा.

गुणक मात्र ४०९७ घ्या. ५१३ घेतलेत तर ४४,१०० नमुन्यांना बिंदूंतलं अंतर सुमारे ८६ हर्ट्झ पडतं, आणि खर्जातलं वळण पुसट होतं. ४६ मिलिसेकंदांचा उशीर होईल. तबकडीला कसली घाई? मूळ ध्वनिफीत तेवढी जपून ठेवा.